तेराच्या चार

औषधांच्या दुकानात होती तोवर तिला गिऱ्हाइकाचा हात दिसायचा. नोटा पुढे करताना तो थरथरतो का, पिशवीत आणखी कुठल्या डॉक्टरच्या गोळ्या आहेत, सोबत आलेली सून कंटाळली आहे की खरोखर काळजीत आहे, हे सगळं काउंटरच्या अलीकडून कळायचं. नव्या नोकरीत बसायला गुबगुबीत खुर्ची मिळाली, कानाला हेडफोन मिळाला, थंडगार हवा मिळाली, आणि माणसं तेवढी पडद्यात गेली.

काम सांगायला सोपं होतं. वय झालेली, मूठभर गोळ्या खाणारी माणसं निवडायची आणि त्यांना व्हिडिओ कॉल लावायचा. कुठली गोळी कशासाठी, कोणी सुरू केली, अजून लागते का, एकीचं दुसरीशी भांडण तर नाही ना, हे विचारायचं आणि मग ज्या त्या डॉक्टरांना शिफारस पाठवायची. या शिफारशीपुढे तिची मजल नव्हती. गोळी बंद करणं डॉक्टरांच्या हातात, घेणं न घेणं पेशंटच्या हातात. तिच्या हातात माउस.

तरी ती मनापासून काम करायची. म्हातारी मंडळी तिला "गोळ्यांची बाई" म्हणत. कोणी नातवंडं दाखवी, कोणी गुडघा कॅमेऱ्यापुढे धरी, कोणी औषधांऐवजी सुनेबद्दल बोलू लागे. ती सगळं ऐके. ऐकण्यासाठी पेशंटमागे जेवढा वेळ ठरवून दिलेला असे तो नेहमीच कमी पडे, आणि सुपरवायझर नेहमीच नाराज असे.

कंडक्टरकाका तिच्याकडे आले ते त्यांच्या मुलामुळे. मुलगा त्यांच्याच गावात, पण दुसऱ्या टोकाला राहायचा. वडील हल्ली उठताना झोकांडी खातात आणि त्यांच्या गोळ्यांचं काही कळत नाही, म्हणून त्यानं नाव नोंदवलं होतं. काकांनी आयुष्यभर बसमध्ये घंटी वाजवली होती. काकूंनी बाहेरच्या खोलीत शिवणाचं मशीन घालून अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले होते. पहिल्या कॉलला दोघं सोफ्यावर शेजारी शेजारी बसली होती, फोन काकांच्या हातात आणि गोळ्यांचा डबा काकूंच्या मांडीवर.

तेरा प्रकारच्या गोळ्या होत्या. तेराही कॅमेऱ्यासमोर आल्या, आणि कशा रुबाबात आल्या! काका पाकीट डोळ्यांजवळ नेऊन नाव खड्या आवाजात वाचत, स्टॉपचं नाव पुकारल्यासारखं. काकू ते पाकीट हातात घेत, अंगठा फिरवत आणि लगेच सांगत, ही सकाळची, ही जेवणाआधीची, ही अर्धी मोडून. एकदाही अडखळल्या नाहीत. काका मधेच म्हणाले, "मॅडम, गाडी फुल्ल आहे, आता कोणाला चढवू नका." काकूंनी त्यांना कोपर मारलं. तिला हसू आलं. इतक्या शिस्तीची जोडी तिनं कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती, आणि तसं तिनं नोंदवलंही.

इथेच ती चुकली. पण चुकतेय हे कळणार कसं? जे दिसायला हवं होतं, ते तर समोर नीट चाललं होतं.

तेरा गोळ्यांचं गणित तिनं त्याच दुपारी सोडवलं. ब्लडप्रेशरच्या एका गोळीनं पाय सुजत होते. सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी. तिच्यामुळे सारखं उठावं लागतं म्हणून लघवी आवरणारी गोळी. या तिसरीनं तोंड कोरडं पडतं आणि डोक्यात धुकं साचतं, म्हणून स्मरणशक्तीची गोळी. त्या गोळीनं पोट बिघडतं म्हणून पोटाची. एकीनं दुसरीला घरात आणायचं, दुसरीनं तिसरीला. नात्यागोत्यातली भरती असते तशी. ती सुरुवातीचीच बदलली, बाकीच्या हळूहळू उतरवल्या आणि झोपेची सोडवली, तर काकांना चार पुरल्या असत्या. चारही सकाळी, एकाच वेळी. तिनं ते मुद्देसूद लिहून काकांच्या तिन्ही डॉक्टरांना पाठवलं, आणि त्या संध्याकाळी घरी जाताना ती स्वतःवर खूष होती.

हृदयाच्या डॉक्टरांकडून आठवडाभर काही आलं नाही. फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, साहेब बघतील. मेंदूच्या डॉक्टरांनी कळवलं की लघवी आवरणारी गोळी त्यांनी दिलेली नाही, ती ज्यांनी दिली त्यांना विचारावं. ज्यांनी दिली ते निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले होते. हृदयाच्या साहेबांनी अखेर बघितलं, आणि लिहिलं की पेशंट स्थिर आहे, आहे ते चालू द्यावं. उठताना झोकांडी खाणारा माणूस यांच्या दृष्टीनं स्थिर! आपण लिहिलेलं कोणी वाचलं तरी का, असं तिला वाटलं, आणि बहुधा वाचलं नव्हतंच. फक्त साखरेच्या डॉक्टरांनी तिचं ऐकलं. साखरेची गोळी त्यांनी निम्म्या ताकदीची केली.

तेवढं का होईना, म्हणून तिनं उत्साहानं फोन केला. काकू आंघोळीला गेल्या होत्या, फोन काकांनी घेतला. शिकवल्याप्रमाणे तिनं पेशंटलाच समजावलं. जुनी गोल गोळी आजपासून बंद, नवी लांबट गोळी उद्यापासून सुरू, नाव तेच पण ताकद निम्मी. मग, शिकवल्याप्रमाणेच, त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. काकांनी शब्दन्‌ शब्द बरोबर म्हणून दाखवला. वर म्हणाले, "जुना पास रद्द, नवा पास चालू." ती समाधानानं पुढच्या पेशंटकडे वळली.

पुढचा ठरलेला कॉल लागला तेव्हा पडद्यावर आधी छत दिसलं. मग काकांची हनुवटी, तिच्यावर घामाचे थेंब. फोन त्यांच्या हातातून घसरून मांडीवर पडला असावा. तिनं हाक मारली. काका काहीतरी बोलले, पण जीभ जड झाली होती. काकूंचा आवाज आला, "आज सकाळपासून असेच पेंगतायत. ऊन फार आहे ना."

घाम, पेंग, जड जीभ. साखरेची गोळी निम्मी करूनही साखर उतरली कशी? तिनं काकूंना विचारलं, आज साखरेची कुठली गोळी दिलीत, दाखवा पाहू. "ही बघ," काकू म्हणाल्या.

मांडीवरच्या फोनमधून तिला खालून वर दिसत होतं. काकूंचा हात वर गेला. चिमटीत गोळी होती, जुनी गोल गोळी. काकूंनी ती हवेत धरली, जिथे काका नेहमी फोन धरत तिथे. समोर कोणी नव्हतं. कपाट होतं आणि त्यापुढे रिकामी हवा.

"दिसली ना?" काकूंनी त्या हवेला विचारलं. "आणि ही दुसरी, नवीन आलेली. दोन्ही दिल्या."

"काकू," ती म्हणाली, "मी खाली आहे. काकांच्या मांडीवर."

हात तसाच वर राहिला. मग सावकाश खाली येऊन चाचपडू लागला, काकांच्या गुडघ्यावर, सदऱ्यावर, आणि शेवटी एक मोठं बोट कॅमेऱ्यावर टेकलं. पडदा काळा झाला.

तेव्हा तिला सगळं उमगलं, पण उमगण्याला वेळ नव्हता. तिनं काकूंना साखरेचं पाणी करायला सांगितलं. त्या स्वयंपाकघरात इतक्या झपाट्यानं गेल्या आणि आल्या की डोळस माणसाला जमलं नसतं. मग भांडं काकांच्या ओठांना लागल्याचा आवाज, घोट, ठसका, पुन्हा घोट. ती इकडे खुर्चीत पुढे वाकून बसली होती, हाताच्या अंतरावर माणूस, आणि त्याची मान सावरायला तिचा हात पोचत नव्हता. हेडफोनमधून ती नुसती "हळू, हळू" म्हणत राहिली. काही वेळानं काकांचा आवाज आला, "कुठे आलो आपण?" तिनं डोळे पुसले.

काका सोफ्यावर आडवे झाल्यावर काकूंनी फोन हातात घेतला. चेहऱ्याऐवजी त्यांचा एक कान पडद्यावर दिसत होता.

"काचबिंदू," काकू म्हणाल्या. "मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हा गेला की गेला. उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही."

"आणि काका?"

"त्यांना सकाळचं दुपारी आठवत नाही. पण वाचतात छान. ते वाचतात, मी लक्षात ठेवते. त्यांना आठवत नाही, मला दिसत नाही, दोघं मिळून एक धड माणूस होतो आम्ही. तुझा त्या दिवशीचा निरोप त्यांच्याच कानात पडला, नाहीतर हे झालं नसतं." मग त्या म्हणाल्या, "मुलाला सांगू नकोस, पोरी. तो वाईट नाही. पण कळलं की तो योग्य तेच करेल, आणि ते योग्य झालं की आम्ही दोघं एका घरात राहणार नाही."

कंपनीचा नियम स्पष्ट होता. पेशंट स्वतःची औषधं सांभाळू शकत नसेल तर घरच्यांना त्याच दिवशी कळवायचं. सुपरवायझरनंही तेच सांगितलं, आणि तो चूक नव्हता. तिनं त्याला हो म्हटलं आणि मुलाला फोन केला नाही. साखरेच्या डॉक्टरांना सांगून ती गोळी तेवढी पूर्ण थांबवली. उरलेल्या दोघा डॉक्टरांना पुन्हा लिहिलं, या वेळी जवळजवळ हात जोडून, की बारा गोळ्या या घरात सांभाळल्या जाणार नाहीत, चार सांभाळल्या जातील, कृपा करून चारावर आणा. जवळच्या औषधाच्या दुकानदाराला विचारलं, रोजच्या गोळ्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून द्याल का? तो म्हणाला, माणूस नाही. घरी येऊन बघणारी नर्स मिळेल का, याची चौकशी केली. मिळेल, पण अर्जावर मुलाची सही लागेल. शेवटी तिचं घोडं त्या सहीपाशी अडलं.

मग तिनं तिला सुचेल ते केलं. रोज सकाळी कामावर पोचली की वर जाण्याआधी जिन्यात उभी राहून स्वतःच्या फोनवरून काकूंना फोन लावायची. काका नाव वाचत, ती ऐके, काकू गोळी काढत. जिन्यावरून येणारेजाणारे बघत, कोणाशी गुलुगुलु बोलतेय म्हणून गालात हसत. तिला त्याचं काही नव्हतं. सगळं बरोबर चाललं होतं, काका दोनतीन वेळा बसमधले किस्से सांगून गेले, आणि असंच चालवत नेता येईल, डॉक्टरांचं उत्तर येईपर्यंत निभावेल, असं तिला वाटायला लागलं.

मग एका सकाळी फोन उचलला गेला नाही.

तिनं परत लावला. परत लावला. वर जायची वेळ टळली, सुपरवायझरचा निरोप येऊन गेला, ती जिन्यातच. घंटी वाजत होती, त्या बाहेरच्या खोलीत, त्या सोफ्यावर कुठेतरी वाजत असणार, आणि तिच्या डोळ्यांपुढे घामाची ती हनुवटी येत होती. शेजाऱ्यांचा नंबर तिच्याकडे नव्हता. त्या घराचा पत्ता तिला माहीत होता, पण ते घर तिच्यापासून दिवसभराच्या प्रवासावर होतं. तिच्याजवळ एकच नंबर होता, आणि तो कोणाचा ते तिला चांगलंच ठाऊक होतं. काकूंना तिनं शब्द दिला नव्हता, पण नाहीही म्हटलं नव्हतं. काका जमिनीवर पडलेले असतील आणि काकू चाचपडत असतील, हे चित्र एकदा डोक्यात आल्यावर तिच्यानं थांबवलं नाही. तिनं मुलाला फोन लावला आणि धाव घ्या म्हणाली. का, हे सांगावंच लागलं. एक सांगितल्यावर दुसरंही सांगावं लागलं.

मुलगा हातातलं काम टाकून धावला. त्याच्याकडे घराची किल्ली होती. आत कोणी नव्हतं. फोन उशीखाली वाजत होता, बारा गोळ्यांचा डबा जागेवर होता, आणि सकाळचा कप्पा बरोबर रिकामा केलेला होता. तो जिन्यात आला तेव्हा दोघं कोपऱ्यावरच्या बागेतून कोवळं ऊन खाऊन परत येत होती. काका पायऱ्या मोजून सांगत होते आणि काकू त्यांच्या कोपराला धरून चढत होत्या. फोन न्यायला विसरली होती, एवढंच. हे मुलानंच तिला नंतर फोनवर सांगितलं. तिचे आभारही मानले. "तुम्ही नसतात तर आम्हाला कळलंच नसतं," तो म्हणाला. त्याच्यावर राग धरता आला असता तर तिला बरं वाटलं असतं.

पुढचं सगळं त्यानं योग्य केलं, काकू म्हणाल्या होत्या तसंच. त्याचं घर दोन खोल्यांचं, नवराबायको दोघं दिवसभर कामावर, आणि वडील दार उघडून बाहेर निघून जाण्याची भीती. म्हणून वडिलांना विसरभोळ्या वृद्धांसाठी असलेल्या निवासात ठेवलं. स्वच्छ जागा, चोवीस तास नर्स. आईलाही तिथे ठेवता येईल का, असं त्यानं विचारलं होतं. पण आईची स्मरणशक्ती उत्तम होती, म्हणून ती नियमात बसत नव्हती. आई त्याच्याकडे आली.

निवासाला एक डॉक्टर येत असत. त्यांनी पहिल्याच भेटीत तिची जुनी शिफारस वाचली. बरोबर आहे म्हणाले, आणि एकेक करत काही आठवड्यांत तेवढ्याच गोळ्या ठेवल्या जेवढ्या तिनं लिहिल्या होत्या. तिला कळवणारा निरोपही आला, आभाराचा. महिनोन्‌महिने तिनं ज्यासाठी डोकं फोडलं, ते एका माणसानं चहा पिता पिता केलं असावं. कंपनीनं ते तिचं यश म्हणून मोजलं. सुपरवायझरनं सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं आणि तिला पेढा भरवल्यासारखा चेहरा करून उभं राहावं लागलं.

त्यानंतर काही दिवसांनी तिच्या यादीत काकूंचं नाव आलं. मुलानं आता आईचंही नाव नोंदवलं होतं. तिनं कॉल लावला. फोन सुनेनं टेबलावर व्यवस्थित टेकवून ठेवला होता आणि ती कामाला निघून गेली होती. या वेळी काकूंचा पूर्ण चेहरा दिसत होता, फक्त नजर थोडी बाजूला.

तिनं माफी मागायचं ठरवलं होतं. ती सुरुवात करणार तोच काकू म्हणाल्या, त्या दिवशी आम्हीच फोन विसरलो, तू तरी काय करणार होतीस. त्यामुळे माफीही मागून झाली नाही. काकूंच्या गोळ्या दोनच होत्या आणि डोळ्यांत घालायचं औषध. सून देते, वेळेवर देते. काही त्रास नाही.

मग काकूंनी काकांचं सांगितलं. सुट्टीच्या दिवशी मुलगा तिकडे घेऊन जातो. आता झोकांडी जात नाही, ताठ चालतात. बोलणंही साफ झालंय, डोकं बरंच स्वच्छ झालंय. "आधी असं होतं की मी पाठ फिरवली की विसरायचे," काकू म्हणाल्या. "आता नाही विसरत. नर्स सांगते, दुसऱ्या दिवशी सकाळपासून दाराशी खुर्ची घेऊन बसतात. कधी येणार विचारतात."

दुसऱ्या पेशंटची माहिती द्यायची नाही, असाही एक नियम होता.

"त्यांच्या गोळ्या तूच बघतेस ना अजून?" काकूंनी विचारलं. "बाराच आहेत का? तिथल्या बायका नीट देतात का?"

नियम तिला आठवला, आणि तिनं तो बाजूला ठेवला. "कमी झाल्या, काकू. आता चारच आहेत."

"चार?"

"हो. सकाळी एकदाच."

काकूंचा हात टेबलावर होता. अंगठा एकेका बोटाच्या पेरावर टेकत गेला, तर्जनीपासून करंगळीपर्यंत, आणि तिथे थांबला. सगळी बोटं एका हातातच संपली.

"चार मला जमल्या असत्या गं," काकू म्हणाल्या.

तिला सांगायचं होतं की मी हेच लिहिलं होतं, पहिल्याच दिवशी लिहिलं होतं, तिघांनाही लिहिलं होतं. पण ते ऐकून काकूंनी काय करायचं होतं? पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पुढचा प्रश्न उजळला होता, औषधं घेताना काही अडचण येते का, आणि ती त्याच्याकडे बघत नुसती बसून राहिली.

काकूंना ती शांतता ऐकू आली असावी. त्यांनी चेहरा आवाजाच्या दिशेनं, जवळजवळ बरोबर, तिच्याकडे वळवला.

"रडू नकोस," त्या म्हणाल्या. "विचार, पुढचं काय असेल ते विचार. तुझा वेळ जातोय."